डोंगरीचे मँगनीज आणि सायकलचा दिवा

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराची नवी रचना देशभर लागू झाली. लहान मोटारी किती स्वस्त झाल्या, मोठ्या पडद्याच्या दूरचित्रवाणी संचावर किती रुपये वाचणार, याच्या चर्चेने वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. त्याच यादीत एक नोंद अशी होती की जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सायकल, तिचे सुटे भाग आणि तिला जोडावयाची साधने यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जे वाहन पेट्रोल पीत नाही, धूर सोडत नाही आणि ज्याचा मालक बहुधा कोणत्याही शिष्टमंडळात बसत नाही, त्या वाहनाची ही दखल होती. निर्णय स्वागतार्ह आहेच. परंतु कर कमी होणे ही संधी असते, सिद्धी नव्हे. या संधीचा लाभ कोणाच्या सायकलपर्यंत पोहोचणार, हा खरा प्रश्न आहे.

पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या सायकल दुकानांत आज डोकावले तर वीस वर्षांपूर्वीच्या ग्राहकाला आपण चुकून दुसऱ्याच दुकानात आलो की काय, असे वाटावे. काळ्या रंगाची, सळईच्या ब्रेकची, भक्कम कॅरिअरची जुनी सायकल मागच्या कोपऱ्यात गेली आहे. समोर मांडल्या आहेत त्या अॅल्युमिनियमच्या आणि कार्बनतंतूच्या हलक्या सायकली. त्यांना पुढे दोन आणि मागे दहा-बारा दात्यांच्या चकत्या असतात, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात, ट्यूबविरहित टायर असतात. शेजारच्या कपाटात फेसाच्या अस्तराची शिरस्त्राणे, हातमोजे, घाम टिपणारे कपडे, अंतर आणि चढ मोजणारी उपकरणे, मोबाइलच्या चार्जरवर भरणारे एलईडी दिवे. किंमत पाहिली तर एका सायकलच्या पैशात मोटारसायकल यावी, आणि काही सायकलींच्या पैशात मोटार. अशा सायकली घेणारा वर्ग वाढतो आहे. रविवारी पहाटे घाटरस्त्यांवर त्यांचे जथे दिसतात.

या वर्गाची टिंगल करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. याच छंदातून महाराष्ट्राने जागतिक दर्जाचे पराक्रम पाहिले आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, आणि त्यांच्या मागोमाग काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. बारा दिवसांच्या मुदतीत, जेमतेम झोप घेत, वाळवंट आणि पर्वत ओलांडणाऱ्या या माणसांच्या जिद्दीपुढे नतमस्तकच व्हावे लागते. उत्तम साधन आणि उत्तम साधक यांची गाठ पडली की काय घडते, याचा तो वस्तुपाठ आहे. तेव्हा चांगल्या गिअरला, चांगल्या दिव्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की साधनांची ही गंगा शहरातल्या हौशी सायकलस्वारापाशी येऊन का थांबावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर शहरातले चकचकीत दुकान सोडून भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जावे लागेल. तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या जंगलपट्ट्यातील गाव. वनखात्याचे एक परिक्षेत्र याच गावाच्या नावाने ओळखले जाते. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला साग, मोह आणि तेंदूचे रान. जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघड्यावरची, तर चिखल्याला जमिनीखाली उतरून खोदकाम होते. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा याच खनिजपट्ट्यातून जातो. खाणीत जाणारा मजूर, मोहफुले वेचून परतणारे जोडपे, दुधाच्या कॅन लावून निघालेला गवळी, दप्तर मागे अडकवून शाळा गाठणारी मुलगी, या भागातील अशा कितीतरी जणांचा दिवस आजही सायकलच्या चाकावर सुरू होतो आणि सायकलच्या चाकावरच मावळतो. झाडीपट्टीत स्त्रियांनी सायकल चालवणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तिकडे ती छंद म्हणून आलीच नाही, गरज म्हणून आली.

आता या भूमीचे आणि सायकलचे एक नाते पाहावे. येथून निघणाऱ्या मँगनीजशिवाय सायकल उभीच राहू शकत नाही. जगातील सुमारे नव्वद टक्के मँगनीज पोलादनिर्मितीत वापरले जाते. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू आणि गंधक यांचा दोष मँगनीज दूर करते आणि पोलादाला चिवटपणा देते. सायकलचा सांगाडा, साखळी, आरे, दाते, सारे त्या चिवटपणावर उभे आहे. दुसरे नाते त्याहून जवळचे. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युतघटांच्या, म्हणजे साध्या भाषेत सेलच्या, उद्योगाला लागते. याच ठिकाणी ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीचा विद्युत्-विश्लेषणाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा कारखाना आहे, आणि अभिमानाची गोष्ट अशी की तो स्वदेशी तंत्रज्ञानावर उभारलेला आहे. विजेवर चालणाऱ्या आधुनिक सायकलींच्या लिथियम बॅटऱ्यांपैकी अनेक प्रकारांतही निकेल आणि कोबाल्ट यांच्या जोडीला मँगनीज असते.

म्हणजे पोलादाला बळ देणारी आणि सेलला प्रकाश देणारी माती नाकाडोंगरीच्या परिसरातली. तरीही सायंकाळी याच परिसरातील रस्त्यावरून घरी परतणाऱ्या सायकलला दिवा असेलच, अशी खात्री कोणी देऊ शकेल काय? विहीर दाराशी आणि घागर मात्र रिकामी, अशातला हा प्रकार. येथे कोणा एका खात्याकडे किंवा कंपनीकडे बोट दाखवून भागणार नाही. दोष समाजाच्या दृष्टीचा आहे. जी वस्तू हौसेची झाली तिच्यासाठी बाजार धावतो, आणि जी वस्तू गरजेची असते ती मात्र ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ या सदरात पडून राहते.

एके काळी असे नव्हते. घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, नगरपालिकेचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. तो नसला तर दंड. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर चौकातला पोलीस अडवी, आणि डबलसीट दिसले तर दोघांनाही उतरवी. प्रथम घासलेटचे दिवे होते, मग टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनामो आला. चढावर पाय दुखत, दिवा मंद होई, तरी लोक तो लावून जात. दंडाची भीती त्यामागे होतीच. पण त्याहून अधिक, दिवा लावणे हा सभ्य नागरिकाचा धर्म आहे अशी समजूत होती. दिव्यामुळे जितके आपल्याला दिसते, त्याहून अधिक आपण दुसऱ्याला दिसतो. तो दुसऱ्यासाठी लावायचा असतो. तिन्हीसांजेला देवापाशी आणि तुळशीपाशी दिवा लावणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढे सायकल ही गरिबाची खूण ठरली. बिल्ले गेले, कर गेले, दंडही गेले. त्याबरोबर दिवाही गेला. आज स्वस्त सायकल विकत घेतली तर तिच्याबरोबर दिवा मिळत नाही. तो ‘जादा साधन’ म्हणून वेगळा घ्यावा लागतो, आणि जादा म्हटले की गरीब कुटुंबाच्या अंदाजपत्रकातून तो आपोआप गळतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलवरील परावर्तकांसाठी, म्हणजे प्रकाश पडताच उजळणाऱ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तबकड्यांसाठी, गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला ही योग्य दिशा होती. परंतु परावर्तक समोरच्या वाहनाचा उजेड परत पाठवतो, स्वतः प्रकाश देत नाही. आणि जुन्या लाखो सायकलींचे काय? त्यांचे परावर्तक कधीच फुटून गेलेले असतात.

हा विषय किरकोळ वाटत असेल तर एक आकडा पुरेसा आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. यातील प्रत्येक मृत्यू दिव्याअभावी झाला असे कोणी म्हणणार नाही. अरुंद रस्ते, भरधाव मालमोटारी, मद्यपी चालक ही कारणे आहेतच. परंतु खनिजाच्या आणि धानाच्या वाहतुकीच्या रस्त्यावर, हिवाळ्यातल्या धुक्यात, काळपट कपड्यातला सायकलस्वार मालमोटारीच्या चालकाला किती अंतरावरून दिसतो, याचा विचार ज्याने एकदा केला त्याला मागच्या लाल दिव्याचे मोल सांगावे लागत नाही. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर तर वन्यप्राण्यांचीही भर पडते. तिथे पुढचा दिवा आणि खणखणीत घंटी म्हणजे नुसती शोभा नव्हे, ते संरक्षण आहे.

जगाने हे कसे हाताळले? सायकलींचा देश म्हणून ज्याचे कौतुक होते तो हॉलंड जन्मतःच तसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींची लाट आली. १९७१ या वर्षी त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक बालके होती. माता-पिता रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाचे आंदोलन उभे राहिले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. त्यानंतर त्या देशाने निर्धाराने सायकलचे मार्ग आखले, नियम केले आणि मुलांना शाळेत सायकलचे शिक्षण दिले. जर्मनीत सायकलला पुढे-मागे दिवे आणि परावर्तक असणे कायद्याने बंधनकारक आहे. श्रीमंत देशांनी सायकलचे आग्रहाने जतन केले, आणि मोटारी परवडत नसलेल्या देशांनी तिला लाजून दूर सारले, असा हा विरोधाभास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्वयंचलित दुचाकी होती केवळ २१ टक्क्यांकडे. तो काळ मागे पडला आणि दुचाकींची संख्या पुष्कळ वाढली हे खरे. तरीही घरातील एकमेव मोटारसायकल वडील किंवा भाऊ घेऊन जातो, आणि शाळकरी मुलीच्या वाट्याला सायकलच येते, हे आजच्या खेड्यातले चित्र आहे.

मुलीच्या सायकलचे सामर्थ्य मात्र आता सिद्ध झाले आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शाळा जितकी दूर, तितका परिणाम अधिक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागे पडलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. मुलीच्या शिक्षणावर इतक्या कमी खर्चात इतका मोठा परिणाम करणारी योजना क्वचितच सापडेल. पण सायकल देणे हा आरंभ आहे. ती चालती राहणे, आणि तिच्यावर बसून मुलगी सुखरूप घरी येणे, हे त्या कार्याचे पूर्णत्व आहे. साखळीला तेल नाही, ब्रेकचे रबर झिजलेले, टायरमधून धागे बाहेर आलेले, अशा सायकली दोन वर्षांत भिंतीला टेकतात. मग ‘सरकारी सायकल टिकत नाही’ असे म्हणून सारे मोकळे होतात. गाय दान दिली आणि चाऱ्याची व्यवस्था केली नाही, तर दोष गायीचा कसा?

येथेच शहरातल्या नव्या साधनांचा संबंध येतो. तंत्रज्ञान जेव्हा नवे असते तेव्हा ते महाग असते आणि हौशी माणूसच ते विकत घेतो. त्यामुळे त्याचा खप वाढतो, किंमत उतरते आणि मग ते सर्वांचे होते. एलईडी दिव्याचे हेच झाले. जुना बल्ब सेल भराभर संपवी. एलईडी अगदी थोड्या विजेवर कितीतरी तास चालतो, आणि लुकलुकत ठेवला तर आणखी अधिक. मागचा लाल दिवा आज एका साध्या जेवणाच्या खर्चात येतो. चाकाच्या तुंब्यातच बसवलेला नवा डायनामो टायरला घासत नाही, पायाला जड जात नाही आणि पावसातही प्रकाश देतो. त्याची किंमत आज जास्त आहे, पण देशात मोठ्या प्रमाणावर त्याची निर्मिती झाली तर तो खेड्यातल्या सायकलसाठी आदर्श ठरेल. सेल बदलायला नको, चार्जिंग नको, चाक फिरले की उजेड. गिअरचेही तसेच. पुढच्या चकतीला ४८ दाते आणि मागच्या चकतीला १६ असतील तर एका पायडलमागे मागचे चाक तीन वेळा फिरते. सपाट रस्त्यावर हे ठीक, पण पोते लादून चढ चढताना जीव निघतो. मागे ३२ दाते घेता आले तर तेच चाक दीड वेळा फिरेल, वेग निम्मा होईल आणि पायांवरचा भारही निम्मा. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारी उघडी यंत्रणा नाजूक असते, धुळीत ती बिघडते. परंतु तुंब्याच्या आत बंद असलेला तीन वेगांचा गिअर शंभर वर्षांहून अधिक काळ जगाला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये तो विसाव्या शतकाच्या आरंभीच तयार झाला. दूधवाल्याला, भाजीवाल्याला आणि सरपण वाहणाऱ्या मजुराला त्याची गरज डोंगरात सहलीला जाणाऱ्यापेक्षा किती तरी अधिक आहे. तरी तो आपल्या बोजा वाहणाऱ्या सायकलपर्यंत पोहोचला नाही.

का पोहोचला नाही? याचे उत्तर आपल्या सायकल उद्योगाच्या इतिहासात आहे. तो इतिहास गौरवाचा आहे. फाळणीच्या वणव्यात पंजाबातील घरदार सोडून आलेल्या मुंजाल बंधूंनी सायकलचे सुटे भाग विकता विकता १९५६ मध्ये लुधियानात हीरो सायकलचा कारखाना काढला, आणि १९८६ मध्ये जगातील सर्वाधिक सायकली बनविणारी कंपनी म्हणून तिची नोंद झाली. सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलास उभी राहिली. दक्षिणेत मुरुगप्पा समूहाने १९४९ मध्ये सायकलनिर्मितीत पाऊल टाकले. आज सायकल उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. निर्वासितांच्या कष्टातून आणि लुधियानाच्या गल्लीबोळांतील हजारो लहान कारागिरांच्या हातांतून उभे राहिलेले हे स्वदेशीचे लेणे आहे.

पण गौरव गाताना उणीव झाकता येत नाही. परवान्यांच्या आणि बंदिस्त बाजारपेठेच्या दशकांत तीच ती सायकल वर्षानुवर्षे निघत राहिली. ग्राहकाला पर्याय नव्हता, म्हणून कारखान्याला सुधारणेची निकड नव्हती. बाजार खुला झाला तेव्हा चांगला गिअर, चांगला ब्रेक, हलका सांगाडा हे सारे बाहेरून मागवावे लागले. ३ जून २०२० रोजी, जगभर सायकल दिन साजरा होत असताना, अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. दैवाची ही क्रूर थट्टा म्हणावी, की दशकानुदशकांच्या दुर्लक्षाचे फळ?

जपानकडे पाहावे. साकाई हे शहर शतकानुशतके लोहारकामासाठी, धारदार पात्यांसाठी प्रसिद्ध. तेथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी एक लहान कारखाना काढला आणि सायकलचे फ्रीव्हील बनवू लागले. एकच भाग, पण निर्दोष. परंपरेने हातात आलेले लोखंडाचे ज्ञान त्यांनी आधुनिक अचूकतेला जोडले. आज जगातील बहुतेक चांगल्या सायकलींवर त्या कंपनीचे नाव असते. तैवानकडे पाहावे. स्वस्त सायकलींचा धंदा चीनकडे जाऊ लागला तेव्हा २००३ मध्ये तेथील दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, जायंट आणि मेरिडा, सुट्या भागांच्या कारखानदारांना बरोबर घेऊन एकत्र आल्या आणि स्वस्ताईच्या शर्यतीतून बाहेर पडून गुणवत्तेच्या शर्यतीत उतरल्या. एवढासा देश, पण उत्तम सायकल म्हटली की त्याचे नाव निघते. स्वदेशी म्हणजे काय, हे या दोन उदाहरणांतून शिकावे. आपली वस्तू म्हणून वाईट वस्तूही गोड मानून घेणे म्हणजे स्वदेशी नव्हे. आपली वस्तू जगाने मागावी इतकी ती चांगली करणे म्हणजे स्वदेशी. नागपुरात १९९१ मध्ये ज्या स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली, त्या चळवळीचा आशय परकीय वस्तूंच्या बहिष्काराशी संपत नाही. आपल्या श्रमाला, आपल्या खनिजाला आणि आपल्या बुद्धीला न्याय देणारी अर्थरचना हा त्याचा गाभा आहे. मँगनीज डोंगरीचे, पोलाद भारताचे, हात लुधियानाचे, आणि गिअर तेवढा परदेशाचा, ही साखळी जिथे तुटते तिथेच ती जोडावी लागेल. भंडारा जिल्हा एकेकाळी पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. धातू ओळखणारे हात येथे आहेत. खनिज मात्र येथून बाहेर जाते आणि त्यापासून झालेली वस्तू दामदुपटीने परत येते. याची खंत वाटली पाहिजे, आणि खंतेतून कृती जन्मली पाहिजे.

संघविचाराच्या कार्यकर्त्याला सायकलची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. कितीतरी गावांत पहिली शाखा लागली ती सायकलवरून आलेल्या प्रचारकामुळे. कॅरिअरला पिशवी, पिशवीत एक धोतर-सदरा, खिशात वही आणि रात्री ज्या घरी मुक्काम तेच आपले घर. त्या सायकलने गावे जोडली, माणसे जोडली. २०२५ च्या विजयादशमीला या कार्याला शंभर वर्षे झाली, आणि शताब्दीच्या निमित्ताने सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वबोध आणि नागरी कर्तव्य अशा पाच परिवर्तनांचे आवाहन समाजापुढे ठेवण्यात आले. विचार केला तर या पाचही गोष्टी एका सायकलवर बसू शकतात. पर्यावरण आणि स्वदेशी तर उघडच आहेत. दिवा लावणे हे नागरी कर्तव्य आहे. मुलाला सायकलचा पंक्चर काढायला शिकवणारे वडील कुटुंब प्रबोधनच करीत असतात. आणि शहरातला डॉक्टर जर खाणमजुराच्या सायकलचा ब्रेक गुडघे टेकून स्वतः नीट करून देईल, तर समरसतेवर वेगळे व्याख्यान कशाला हवे?

तेव्हा काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. ज्या गावी शाखा आहे, सेवाकार्य आहे, महिलांचा बचत गट आहे, तेथे पावसाळा संपताच एक रविवार सायकल तपासणीचा ठेवावा. शाळेच्या पटांगणात गावातील सायकली आणाव्यात. साखळीला तेल, ब्रेकला रबर, चाकाला हवा, मागे लाल दिवा किंवा निदान परावर्तक, पुढे घंटी, मुलींच्या सायकलला ओढणी न अडकू देणारी जाळी आणि साखळीचे झाकण. गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला त्या दिवशी गुरुस्थानी बसवावे, त्याचा मोबदला त्याला मानाने द्यावा आणि चार मुलांना त्याच्या हाताखाली शिकू द्यावे. शहरांतील सायकलप्रेमी गटांनी वर्षातून एकदा आपल्या मोहिमेचा रस्ता नाकाडोंगरीसारख्या गावांवरून आखावा, आणि येताना प्रत्येकाने दोन दिवे आणावेत. आपल्या सायकलवर हजारोंची साधने लावणाऱ्याला हे जड नाही. खाणी आणि कारखाने सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करतात. त्यातील एक वाटा खनिज वाहतुकीच्या रस्त्याकडेला सुरक्षित पट्टा आणि प्रकाश यांसाठी मागण्यात काहीच गैर नाही. मुलींना सायकल देणाऱ्या योजनेत दिवा, परावर्तक आणि पंक्चरची डबी यांचा समावेश सक्तीचा व्हावा, ही मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठामपणे मांडावी. कर ५ टक्क्यांवर आल्याने जे पैसे वाचले, ते या दिव्यात उतरले तर तो निर्णय खऱ्या अर्थाने लोकांचा होईल.

मध्यमवर्गीय घरांनीही एकदा स्वतःकडे पाहावे. मुलाच्या दहावीनंतर मोटारसायकल घेऊन देण्याची घाई आणि त्यानंतर रोज रात्री दाराशी उभे राहून वाट पाहण्याची चिंता, हे दोन्ही आपणच ओढवून घेतलेले असते. सायकल चालवणे म्हणजे मागे पडणे नव्हे. दोन मैल चालत किंवा सायकलने जाऊ शकणारी तरुणाई ज्या समाजात उरणार नाही, त्या समाजाच्या बलोपासनेच्या गोष्टी पोकळच ठरतील.

सायकल हे मोठे विलक्षण वाहन आहे. ते थांबले की पडते, चालत राहिले की तोल सावरते. राष्ट्राचेही तसेच असते. परंतु चालत राहण्याबरोबरच वाट दिसणेही आवश्यक असते, आणि ज्यांच्या कष्टावर इतरांच्या घरात उजेड पडतो त्यांची वाट अंधारी राहणे हे कोणत्याही समाजाला भूषणावह नाही. डोंगरीच्या खाणीतून निघालेली ती काळी माती शुद्ध होऊन सेलमध्ये जाते, सेल दिव्यात जातो, दिवा दुकानात जातो. त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा, दुकानापासून नाकाडोंगरीच्या रस्त्यावर सांजवेळी घरी निघालेल्या मुलीच्या सायकलपर्यंतचा, बाजार पूर्ण करणार नाही. तो समाजाला पूर्ण करावा लागेल. येत्या हिवाळ्यात त्या रस्त्यावर धुके उतरण्यापूर्वी तो पूर्ण व्हावा.